झाली माझी शाळा

मागच्या ऑक्टोबरात आईला पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला नेलं होतं. न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या घरांत आईवडील भारतातून आले की त्यांना फिरवायच्या जागा ठरलेल्या असतात: नायगारा, वॉशिंग्टन, पिट्सबर्गचा बालाजी, आणि गुडघे दुखत असतील तर लँकेस्टर, कारण तिथे बरंचसं गाडीत बसूनच बघून होतं. ‘आमिश बघायला’, म्हणजे जुन्या रीतीनं राहणारा एक ख्रिश्चन पंथ बघायला, जातो आपण. माणसं बघायला जातो, हे तोंडातून निघून गेल्यावर दर वेळी टोचतं, तरी जातो. बर्ड-इन-हँड गाव मागे टाकून मुख्य रस्ता सोडला की लगेच हवा बदलते. घोड्याच्या लिदीचा वास, कापून झालेल्या मक्याची पिवळी ताटं, करड्या टपाच्या घोडागाड्या, आणि घरापासून थेट कोठाराच्या शेंड्यापर्यंत कप्पीवर चढत गेलेली कपड्यांची दोरी. त्या दोरीवर काळ्या विजारी मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं वाळत घातलेल्या. आई म्हणाली, “सहा मुलगे दिसतायत.”

एका शेताच्या तोंडाशी लाकडी टेबल मांडून एक मुलगी बसली होती. तेरा-चौदा वर्षांची. जांभळट रंगाचा अंगभर झगा, वर काळं एप्रन, बटणांच्या जागी टाचण्या, डोक्यावर पातळ पांढरी टोपी आणि त्या गारठ्यात पाय अनवाणी. टेबलावर लाल भोपळे, सफरचंदं आटवून केलेल्या काळसर मुरंब्याच्या बरण्या, काकवीचे छोटे पाय. पाय म्हणजे तो खायचा, शूफ्लाय पाय. आईला हे दोनदा सांगावं लागलं. आम्ही एक भोपळा, दोन बरण्या आणि एक पाय घेतला. मुलीनं कानामागची पेन्सिल काढली आणि तपकिरी कागदी पिशवीवरच बेरीज मांडली. ६.००, ५.५०, ५.५०, ४.७५. एकाखाली एक, टिंबाखाली टिंब. मी फोनवर आकडे टाकेपर्यंत तिनं २१.७५ लिहून खाली दोन रेघाही ओढल्या होत्या. माझी लेक फोटो काढायला फोन वर करत होती, तिचा हात मी खाली दाबला. त्यांना फोटो आवडत नाहीत, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं.

आई त्या बेरजेकडे बघत होती. मग मला म्हणाली, “कितवीला आहे विचार.”

मी विचारलं. मुलगी म्हणाली, “आय ॲम डन विथ स्कूल.” झाली माझी शाळा. जेवण झालं माझं, अशा सुरात. ना खंत, ना तोरा. मी आईला सांगितलं. आईचा चेहरा तिच्या शाळेतला झाला. “झाली म्हणजे? का सोडली विचार की. पुढं शिकायचं नव्हतं का तिला?” मागे एक गाडी येऊन थांबली होती, पंचवीस डॉलरमधले सव्वातीन परत आले होते, भोपळा डिकीत गेला होता. मी म्हटलं, “चल आई, लोक थांबलेत.”

मी विचारलं नाही.

आई एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर बाई होती. तिच्या नोकरीचा अर्धा जन्म मुलं शिकवण्यात गेला आणि उरलेला मुलं पकडून आणण्यात. पट, हजेरी, गळती, शाळाबाह्य हे शब्द आमच्या घरात मीठ-मसाल्यासारखे वापरात होते. दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोप्या पडायच्या, आणि आई सुट्टीच्या दिवशी वही घेऊन कोप्यांवर जायची. कुणाची किती पोरं, कुणाची कितवीत होती, कुणी सोडली. मला ती वही आठवते. रेघा पट्टीनं मारलेल्या, आणि ‘शेरा’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द, भावंड सांभाळते. अशा बाईला चौदा वर्षांची हुशार पोर सांगते की झाली माझी शाळा, आणि तिची लेक म्हणते चल, लोक थांबलेत.

गाडीत मी जमेल तसं समजावलं. आमिश मुलं आठवीपर्यंतच शिकतात. त्यांच्या स्वतःच्या शाळा असतात, एका खोलीच्या, पहिली ते आठवी सगळी त्याच खोलीत. शिकवणारी बाई त्यांच्यातलीच, बहुधा लग्न न झालेली, स्वतः आठवी झालेली. घरात त्यांची जुनी जर्मन बोली, शाळेत इंग्रजी, बायबलसाठी वेगळी पुस्तकी जर्मन. म्हणजे आठवीपर्यंत तीन भाषा होतात. पुढे हायस्कूल नाही, कॉलेज नाही. शेत, स्वयंपाक, सुतारकाम. आई ऐकत होती. वाटेत तशी एक शाळा लागली, शनिवार म्हणून बंद. पांढरी बसकी इमारत, छपरावर घंटा, मागे दोन बाजूंना दोन संडास, पुढे खेळायला गवत. आईनं गाडी थांबवायला लावली, काचेला तोंड लावून बघत बसली आणि पहिल्यांदाच हसली. “ही तर एकशिक्षकी शाळा गं. मी काढलीत की अशी चार वर्षं डोंगरावर. मोठ्यांना गणितं घालून द्यायची आणि बारक्यांना बाराखडी घ्यायची. मोठी पोरं बारक्यांचं तपासतात. चांगली चालते ती, बाई चांगली असली तर.”

लेक मागून म्हणाली, “ती लकी आहे. आठवीनंतर सुट्टी.” माझी लेक यंदा आठवीत आहे.

रात्री आई झोपल्यावर मी आमिशांच्या शाळेवरचा ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ हा कोर्टाचा निकाल काढून वाचला. नाव नुसतं ऐकून होते. १९६८चा शरद, विस्कॉन्सिन राज्यातलं न्यू ग्लारस. तीन बापांनी, जोनास योडर, वॉलेस मिलर आणि ॲडिन युट्झी यांनी, आठवी झालेल्या आपल्या मुलांना पुढे शाळेत घातलं नाही. मुलं चौदा-पंधराची, कायदा सांगत होता सोळापर्यंत शाळा. कोर्टानं प्रत्येकाला दंड केला पाच डॉलर. त्या काळातही पाच डॉलर म्हणजे फार नव्हे, पण प्रश्न पैशाचा नव्हताच. (दुसऱ्या दिवशी आईला हे सांगितलं तर ती पटकन म्हणाली, “शाहू महाराजांनी १९१७ ला महिन्याला एक रुपया ठेवला होता.” दंडाची तुलना करणारी माझी आई एकटीच असेल.) आमिश लोक कोर्टात भांडत नाहीत, ते त्यांच्या धर्मात बसत नाही. दंड भरायचा, तुरुंगात जायचं, नाहीतर गाव सोडायचं. पेनसिल्व्हेनियात १९५०च्या आसपास बापांनी खरोखरच तुरुंगाच्या वाऱ्या केल्या होत्या. म्हणून त्यांच्यासाठी दुसरेच लोक लढायला उभे राहिले. विल्यम लिंडहोम नावाच्या लुथरन पाद्र्यानं समिती काढली, वकील मिळाला विल्यम बॉल, तो कॅथलिक. सोळाव्या शतकात याच लोकांच्या पूर्वजांना कॅथलिकांनीही बुडवून-जाळून मारलं होतं आणि लुथरनांनीही. आणि न्यू ग्लारस हे गाव वसवलं स्वित्झर्लंडहून आलेल्या लोकांनी, १८४५ मध्ये. जिथून या लोकांच्या पणज्यांना हाकललं होतं, त्याच देशाच्या आठवणीत उभं केलेलं गाव. इतिहासाचा हिशेब असा कुठे कुठे निघतो.

पण मला जास्त विचारात टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हे भांडण मुळात आठवी-नववीचं नव्हतंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमिश मुलं शेजारच्या इतर शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर गावच्या सरकारी शाळेतच जात. तीही एका खोलीचीच असे. चालत जायचं, चालत यायचं, बाई ओळखीची. मग सरकारनं लहान शाळा बंद करून मोठ्या शाळा बांधायला घेतल्या, मुलांना न्यायला बस आली, आणि शाळा बापाच्या नजरेबाहेर गेली. तिथून बिनसलं. गर्दी, स्पर्धा, अर्ध्या चड्डीतली कवायत, अनोळखी माणसं. पुस्तकापेक्षा या गोष्टींची भीती मोठी होती. हे वाचताना मला आईची शाळा आठवली. वीसच्या खाली पट असलेल्या शाळांचं काय करायचं, यावर आपल्याकडेही अधूनमधून वादळ उठतं, समूह शाळा, वाहतूक भत्ता वगैरे. आई तेव्हा तावातावानं म्हणायची, पोरगी ओढा ओलांडून तीन किलोमीटरवर जाणार नाही, घरी बसवतील. आमिश बापांनी तेच केलं, फक्त घरी न बसवता त्यांनी स्वतःची शाळा बांधली.

एक फोटो आहे, १९६५च्या नोव्हेंबरातला, आयोवातल्या हेझलटन गावाजवळचा. अधिकारी बस घेऊन आमिश शाळेवर आले, मुलांना सरकारी शाळेत न्यायला. मुलं बसमध्ये न चढता बाजूच्या मक्याच्या शेतात पळाली. फोटोत पाठमोरी मुलं दिसतात, टोप्या, झगे, काळे कोट, कुंपण आणि त्यापलीकडे वाळका मका. हा फोटो देशभर छापून आला आणि लोक कळवळले. पुढे दोन वर्षांत आयोवानं आमिश शाळांना सूट देणारा कायदा केला. सकाळी चहा घेताना मी आईला तो दाखवला. मला वाटलं होतं तिलाही कळवळा येईल. तिनं चष्मा वर करून फोटो जवळ घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “असंच पळायची. उसात. मला बघितलं की ‘बाई आली’ म्हणून ओरडायची आणि उसात शिरायची. आत गेली की सापडायची नाहीत, पानं कापायची हाताला.” आणि थोड्या वेळानं, “या फोटोत मी असते तर बसपाशी उभी असते.”

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला पुढे बोलता येईना. मी त्या फोटोकडे नेहमी शेताच्या बाजूनं बघत होते.

मी विचारलं, “तू त्या पोरांना कधी विचारायचीस, यायचंय का म्हणून?” आई म्हणाली, “नाही. विचारलं असतं तर सगळीच नाही म्हणाली असती.” मग तिनं एका मुलीची गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. नऊ-दहा वर्षांची, कडेवर भाऊ. बाई, मला नाही यायचं, म्हणून रडायला लागली. आईनं दोघांनाही आणलं. भाऊ वर्गात गोणपाटावर झोपायचा, मधेच उठला की सगळा वर्ग त्याला खेळवायचा. तीन महिने ती मुलगी आली, जोडाक्षरांपर्यंत पोचली. पाडव्याच्या सुमाराला टोळी परत गेली. पुढच्या वर्षी टोळी आली, त्यात ती नव्हती. लग्न झालं म्हणाले. आईनं हे कपबशा विसळत सांगितलं, पाठ माझ्याकडे. मी काही विचारणार तोवर नळ सोडला.

निकालात काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण त्यातलं एकच पान मला सोडत नाही. १५ मे १९७२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आमिश बापांच्या बाजूनं निकाल दिला. सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी तो लिहिला. आज जे बहुसंख्य आहेत तेच बरोबर आणि आमिशांसारखे चूक, असं धरून चालता येणार नाही, असं त्यात आहे. वाक्य वाचून छाती भरून येते, कुणाही अल्पसंख्याकाची येईल. आम्हीही इथे तेच आहोत. पण पुढे बर्गर असंही लिहितात की हे संरक्षण धर्मासाठी आहे, कुणी लेखक थोरोसारखा आपल्या मनानं समाज नाकारून तळ्याकाठी राहायला गेला तर त्याला ते मिळणार नाही, कारण तो त्याचा वैयक्तिक विचार, श्रद्धा नव्हे. म्हणजे एकट्या माणसानं विचार करून नाकारलं तर कायदा लागू, आणि तीनशे वर्षं सगळ्यांनी मिळून नाकारलं तर सूट. मला हे अजून पचलेलं नाही. आमिश कसे कष्टाळू, कायदा पाळणारे, सरकारकडे हात न पसरणारे, याचंही निकालात फार कौतुक आहे. गुणी मुलाला शिक्षा माफ करावी तसं.

साक्षीदारांत एक जॉन होस्टेटलर होते, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. हायस्कूलची सक्ती केली तर मुलांच्या मनावर परिणाम होईल आणि हा समाज मोडेल, असं त्यांनी सांगितलं. ते स्वतः आमिश घरात जन्मले होते, बाप्तिस्मा घेण्याआधीच बाहेर पडले, शिकले, डॉक्टरेट केली. या मुलांना पुढचं शिक्षण नको, हे कोर्टाला पटेल अशा भाषेत सांगायला पुढचं शिक्षण घेतलेला माणूस लागला. मी त्यांना ढोंगी म्हणत नाहीये. दाराबाहेर उभं राहून घर जितकं सुंदर दिसतं तितकं आतून दिसत नाही, आणि ज्याला ते सोडावं लागलं त्याला तर जास्तच. मला हे कळतं. माझं कोरेगाव आता माझ्या आठवणीत फार देखणं झालंय.

आणि मग ते पान. न्यायमूर्ती विल्यम डग्लस अर्धे सहमत, अर्धे असहमत. ते म्हणतात, तुम्ही सगळे बापाचा धर्म आणि सरकारचा अधिकार यावर बोलताय, पण शाळेत जायचं कुणाला आहे? तीन मुलांपैकी साक्षीला एकच उभी राहिली, योडर यांची फ्रीडा, पंधरा वर्षांची. तिनं सांगितलं की हायस्कूलला न जाणं हीच तिचीही श्रद्धा आहे. डग्लस म्हणाले, ठीक, तिच्यापुरता मी तुमच्याबरोबर. पण बाकीच्या दोघांना विचारलंय कुणी? कुणाला पियानो वाजवायचा असेल, कुणाला अंतराळात जायचं असेल, कुणाला समुद्राचा अभ्यास करायचा असेल. बाकीच्या न्यायाधीशांचं उत्तर साधं होतं: दंड बापांना झालाय, मुलांना नाही, त्यामुळे मुलांना काय हवं हा प्रश्न आमच्यापुढे नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते बिनतोड असेलही.

डग्लस मला पटतात. तरी त्यांच्या यादीवर मी अडते. पियानोवादक, अंतराळवीर, समुद्रशास्त्रज्ञ. एखाद्या मुलीला चांगली शेतकरीण व्हायचं असू शकतं, हे त्यांच्या यादीत नाही. आपल्याकडे डॉक्टर-इंजिनियर-कलेक्टर म्हणतात तसंच हे. आणि फ्रीडाचं काय? चौदा-पंधरा वर्षं एकाच घरात, एकाच बोलीत, एकाच प्रार्थनेत वाढलेल्या मुलीला भर कोर्टात, बाप समोर बसलेला असताना, विचारायचं की तुझं स्वतःचं मत काय. ती दुसरं काय सांगणार? पण मग कुणाच्याही मुलानं दिलेलं उत्तर त्याचं स्वतःचं असतं का? माझी लेक विचारलं तर सांगेल मला कॉम्प्युटर सायन्स करायचंय. तेही तिनं मक्याच्या शेतात एकटीनं ठरवलेलं नाही.

आमिश लोक लहानपणी बाप्तिस्मा देत नाहीत, हे इथे महत्त्वाचं आहे. त्यांचं सगळं भांडणच त्यावरून सुरू झालं होतं. मोठं झाल्यावर, अठरा-वीस-बावीसचं झाल्यावर, स्वतः ठरवून घ्यायचा. त्याआधीची काही वर्षं मुलांना जरा मोकळीक असते. बाहेर जायचं तर जा. बाप्तिस्मा घेऊन नंतर सोडलंत तर मात्र बहिष्कार, एका टेबलावर जेवणही नाही. दहातली आठ-नऊ मुलं राहतात. समाज साधारण वीस वर्षांत दुप्पट होतो, आज साडेतीन लाखांच्या वर आहेत. आकडे बघून वाटतं, मग सुखीच असणार. पण आठवी झालेला, गणित पूर्णांक-अपूर्णांकापर्यंत आलेला, हायस्कूलचा कागद नसलेला अठरा वर्षांचा मुलगा बाहेर जाऊन करणार काय? दार उघडं आहे, पण पायरी काढून ठेवलीय. आणि हेही खरं की आता निम्म्याहून जास्त घरं शेतीवर नाहीत. फर्निचर, बांधकाम, छोटी दुकानं यांवर चालतात आणि जोरात चालतात, आठवीच्या गणितावर. आमच्या गल्लीतल्या दोन एमबीएंचे धंदे बसले ते माझ्या डोळ्यांसमोर.

स्ट्रासबर्गला, त्या टेबलापासून थोड्याच अंतरावर, १९८९ मध्ये डॉ. होम्स मॉर्टन यांनी एक दवाखाना सुरू केला. थोड्या कुटुंबांतच पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झाल्यानं या लोकांत काही आनुवंशिक आजार फार. बाळ जन्मल्या-जन्मल्या ओळखले तर जगतं, नाहीतर काही दिवसांत मेंदूला इजा. हार्वर्डला शिकलेला हा डॉक्टर इथे येऊन राहिला आणि दवाखान्याची इमारत आमिश आणि त्यांच्या जवळच्या मेनोनाइट पंथाच्या सुतारांनी येऊन उभी केली. किती छान, असं मी आईला म्हटलं. आई म्हणाली, “छान आहेच. पण त्यांच्यातली पोर डॉक्टर नाही होणार ना? म्हणजे कुणीतरी दुसऱ्याची पोर शिकायला पाहिजे.” मी म्हटलं, आई, आपलाही शिक्षणहक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच आहे, आठवीच. त्यावर तिनं माझ्याकडे केंद्रप्रमुखाकडे बघावं तसं बघितलं. “आपला कायदा म्हणतो, आठवीपर्यंत तरी आणा. आठवीच्या पुढं जाऊ नका, असं म्हणत नाही.”

पेनसिल्व्हेनियात १९५५ पासून एक तोडगा आहे, तो तिला सांगितला तेव्हा ती खो खो हसली. आठवी झालेल्या मुलांनी आठवड्यातून तीन तास शाळेत यायचं आणि बाकी दिवस घरी-शेतात काय काम केलं त्याची डायरी लिहायची. झालं शिक्षण. “म्हणजे आमच्या टाचणवहीसारखं,” आई म्हणाली, “कागद पूर्ण, साहेब खूश.” म्हणजे ती टेबलावरची मुलगीही कुठेतरी अशी डायरी लिहीत असेल. त्या शनिवारच्या पानावर आम्ही असू. एक भोपळा, दोन बरण्या, एक पाय.

परतताना आम्ही निकल माइन्सवरून गेलो होतो. तिथे बघण्यासारखं काही नाही, कुरण आहे. २ ऑक्टोबर २००६ ला तिथल्या एकखोली शाळेत एका माणसानं शिरून दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच गेल्या. मारणारा तिथेच स्वतःला संपवून गेला. त्याच दिवशी आमिश लोक त्याच्या घरी गेले, त्याच्या बायकोचं सांत्वन करायला. दहा दिवसांत शाळा पाडून जमीन सपाट केली, आणि पुढच्या वसंतात जवळच नवी शाळा सुरू केली. मी हे सांगत असताना आई काचेबाहेर बघत होती. गोळीबार झाला तर काय करायचं याची कवायत शाळेत वर्षातून दोन-तीनदा करणारी माझी लेकही गप्प होती. आईनं विचारलं, “त्यांची बाई?” मी सांगितलं की ती विशीची होती आणि मदत आणायला शेतातून धावत गेली होती. आई पुढचे वीस मैल काही बोलली नाही. मला त्या लोकांची क्षमा समजते असं मी म्हणणार नाही. ती मला थोडी भीतीदायकही वाटते. पण ती काही हायस्कूलमध्ये शिकवत नाहीत, एवढं तरी मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार, मराठी शाळा. सकाळी साडेनऊला, एका चर्चच्या तळघरात भाड्यानं घेतलेल्या खोलीत. लेक सात वर्षं जातेय आणि सात वर्षं दर रविवारी गाडीत बसताना तोंड पाडते. त्या दिवशी म्हणाली, “आजी, मला तरी कुणी विचारलं?” आईनं तिच्या वेणीला रबर लावता लावता सांगितलं, “नाही विचारलं. दप्तर घे.” मी आरशातून बघत होते. दोघी हसत होत्या, पण लेकीच्या प्रश्नातलं हसू जरा कमी होतं. १९८९च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं असं एक कलम आहे. अमेरिकेनं तो करार अजून मंजूर केलेला नाही. माझ्या गाडीतही झालेला नाही.

आई डिसेंबरात परत गेली. बॅगा भरताना तिनं मुरंब्याची दुसरी बरणी बायकांना चाखवायला म्हणून शालीत गुंडाळून घेतली. भोपळ्याचं तोवर घारग्यांमध्ये कल्याण झालं होतं. ती तपकिरी पिशवी मी फ्रीजच्या बाजूला अडकवली होती, का ते सांगता येणार नाही, ती दिसेना. मला वाटलं कचऱ्यात गेली. पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर आईनं ती कॅमेऱ्यासमोर धरली. घडी घालून कपड्यांत नेली होती. “हे बघ,” म्हणाली, “हातचे. प्रत्येक घराच्या डोक्यावर बारीक लिहिलेत, आणि वापरून झाल्यावर तिरकी रेघ मारलीय. मी अशीच शिकवायचे.” बेरजेशेजारी लाल शाईत बरोबरची खूण होती. चाळीस वर्षांची सवय.

मग तिनं पिशवी उलटी केली, पेन हातात घेतलं आणि विचारलं, “नाव काय गं होतं तिचं?”

“माहीत नाही.”

“नावसुद्धा नाही विचारलंस?”